एका अडत्याचा हिशेब परत आणायचा, बाकी एकोणसाठ जणांना धक्का न लावता

सगळ्यात आधी एक काम करा, मग पुढचं वाचा. सात दिवसांपेक्षा जुने डंप, म्हणजे डेटाबेसच्या रोजच्या बॅकअप प्रती, पुसणारी तुमची स्क्रिप्ट आत्ता बंद करा आणि १८ तारखेच्या पहाटे २ वाजता घेतलेला डंप दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा. चूक १८ च्या दुपारी ४ ला झाली, आज २३ आहे. दोन दिवसांत ती फाईल पुसली जाईल, आणि त्या अडत्याचा चालू हंगाम जिच्यात शाबूत आहे अशी ती शेवटची फाईल आहे.

झालं? आता सविस्तर बोलू.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: कळमना बाजारातल्या ६० अडत्यांसाठी तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर आहे. सगळ्यांचा डेटा एकाच पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये, एकाच टेबलांमध्ये, अडत्याच्या आयडीनं वेगळा केलेला. आकार १४० जीबी. रोज रात्री पीजी-डंप या पोस्टग्रेसच्याच प्रोग्रामनं एक साधी एसक्यूएल फाईल, म्हणजे डेटा परत भरायच्या आज्ञांची मजकूर फाईल, निघते. सपोर्टच्या मुलानं एका अडत्याचं जुनं वर्ष पुसायला घेतलं आणि चालू वर्ष पुसलं. सगळा डेटाबेस मागं नेला तर इतर ५९ जणांचं काम जातं, म्हणून तुम्ही अडकलात. आणि तुमचे तीन प्रश्न: प्रत्येक टेबलचा वेगळा डंप घ्यावा का, रिप्लिका (मूळ डेटाबेसचे बदल लगेच उचलणारा जोड सर्व्हर) लावली तर भागेल का, आणि दोन माणसांच्या टीमला झेपेल असं काय आहे.

मी नागपुरातच गेली बावीस वर्षं डेटाबेस सांभाळतो. आधी हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यांचे, नंतर पतसंस्था, दवाखाने, ट्रान्सपोर्टवाले. या काळात 'पूर्ण सर्व्हर गेला' असे फोन मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले. 'एवढंच गेलंय, तेवढंच परत पाहिजे' असे फोन मात्र दर दोन-तीन महिन्यांनी येतात. तरीही जवळपास प्रत्येकाचा बॅकअप पहिल्या प्रसंगासाठी आखलेला असतो. तुमचंही तेच झालंय, त्यामुळे त्या मुलाला फार बोलू नका.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो: निवडक डेटा थेट चालू डेटाबेसमध्ये रिस्टोअर करायचा नसतो. जुनी अवस्था बाजूला, वेगळ्या सर्व्हरवर उभी करायची, तिथं बघायचं, आणि हवं तेवढं उचलून चालू डेटाबेसमध्ये आणायचं. हे एकदा मान्य केलं की बॅकअपची आखणी आपोआप बदलते. मग प्रश्न उरतो तो हा की जुनी अवस्था बाजूला किती लवकर उभी राहील आणि चुकीच्या क्षणाच्या किती जवळची असेल.

आता टेबलवार डंपबद्दल. ही कल्पना सगळ्यांनाच सुचते, मलाही सुचली होती. एक लूप लिहायचा, प्रत्येक टेबलसाठी पीजी-डंप वेगळा चालवायचा, म्हणजे हवं ते टेबल सुटं मिळेल. कृपा करून हे करू नका. पीजी-डंप एकदा सुरू झाला की त्या क्षणाचं एक सुसंगत चित्र धरून ठेवतो आणि शेवटपर्यंत त्याच चित्रातून वाचतो. तुम्ही चाळीस टेबलांसाठी चाळीस वेळा तो चालवला तर चाळीस वेगवेगळ्या क्षणांची चित्रं मिळतात. पट्टीचं (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाचं) टेबल २ वाजून ५ मिनिटांचं आणि पट्टीच्या ओळींचं २ वाजून २० चं. मधल्या पंधरा मिनिटांत कोणी पट्टी केली असेल तर ओळी आहेत पण पट्टीच नाही. रात्री २ ला कोण पट्टी करतो असं म्हणाल, तर हंगामात संत्र्याच्या गाड्या पहाटेपासून लागतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

त्याऐवजी एकच डंप घ्या, पण साध्या एसक्यूएल फाईलऐवजी डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये. यात प्रत्येक टेबलचा डेटा वेगळ्या फाईलमध्ये, दाबून ठेवलेला असतो, पण सगळ्या फाईली एकाच क्षणाच्या असतात. शिवाय डंप काढताना अनेक टेबलं एकाच वेळी काढता येतात आणि परत भरतानाही. कस्टम फॉरमॅट नावाचा एकफाईली प्रकारही आहे. त्यातूनही निवडून भरता येतं आणि भरताना समांतर काम होतं, पण काढताना होत नाही. १४० जीबीला मी डिरेक्टरीच घेईन. साधी एसक्यूएल फाईल मात्र वरपासून खालपर्यंत एका रांगेतच भरावी लागते, आणि तिच्यातून एक टेबल काढायचं तर फाईलच कापत बसावं लागतं.

डिरेक्टरी डंपमधून निवडायचं कसं? पीजी-रिस्टोअरला, म्हणजे डंप परत भरणाऱ्या प्रोग्रामला, आधी फक्त अनुक्रमणिका मागा. ती एक साधी मजकूर फाईल असते. नको त्या ओळी पुसा, किंवा पुढं अर्धविराम टाकून बंद करा, आणि तीच फाईल परत पीजी-रिस्टोअरला द्या. एकाच टेबलचं नाव देऊन भरायचा पर्यायही आहे, पण त्यात एक खोच आहे: त्या टेबलचे इंडेक्स (ओळी लवकर शोधून देणाऱ्या सूची) सोबत येत नाहीत, आणि ते ज्या इतर गोष्टींवर अवलंबून आहे त्याही येत नाहीत. बाजूच्या सर्व्हरवर बघण्यापुरतं चालतं. थेट चालू डेटाबेसमध्ये कोणी असं भरलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं रडत चालतं आणि कारण सापडत नाही. आणखी एक: पीजी-डंप एका डेटाबेसचा असतो, त्यात युजर आणि त्यांचे पासवर्ड नसतात. ते पीजी-डंप-ऑलच्या 'फक्त ग्लोबल्स' या पर्यायानं वेगळे काढावे लागतात. दोन सेकंदांचं काम, पण नव्या सर्व्हरवर उभं राहताना ते नसलं की प्रत्येक टेबलावर मालकीचे एरर येतात.

इथपर्यंत फक्त डंपचं झालं. डंपची मर्यादा तुम्ही स्वतःच अनुभवली: पहाटे २ चा डंप, दुपारी ४ ची चूक, मधले चौदा तास कुठंच नाहीत. ते हवे असतील तर दुसरा प्रकार लागतो, आणि माझ्या मते तुमच्याकडे दोन्ही हवेत.

दुसरा प्रकार म्हणजे बेस बॅकअप आणि त्याच्यापाठोपाठ सतत जमा होणारे वॉल. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी या वॉलच्या नोंदवहीत लिहितो, मग टेबलात. अडत्याच्या भाषेत, ही कच्ची वही. आठवड्यातून एकदा सगळ्या सर्व्हरची जशीच्या तशी प्रत घेतली आणि त्यानंतरची प्रत्येक कच्ची वही जपून ठेवली, तर मधल्या कुठल्याही क्षणाला जाऊन थांबता येतं. १८ तारखेचे ३ वाजून ५८ मिनिटं म्हणा, तिथं थांबता येतं. वॉलची एक फाईल साधारणपणे १६ एमबीची असते. काम कमी असलं तरी फाईल निदान दर पाच मिनिटांनी पुढं जावी अशी सेटिंग केली, तर दिवसाला जास्तीत जास्त २८८ अशा अर्धवट फाईली, म्हणजे साडेचार जीबीच्या आसपास, आणि दाबल्यावर त्याहून बऱ्याच कमी. लिलावाच्या गर्दीत खऱ्या बदलांमुळे यापेक्षा जास्तही होईल. ते तुमच्याच सर्व्हरवर एक आठवडा मोजा, माझ्या आकड्यावर डिस्क विकत घेऊ नका.

मात्र एक गोष्ट लोकांना उशिरा कळते. वॉलमधून मागं जाणं हे पूर्ण पोस्टग्रेस सर्व्हरचं असतं. एका टेबलचं नाही, एका अडत्याचं तर नाहीच. म्हणून परत तेच: बाजूला उभं करा. १४० जीबी मोकळी जागा असलेलं दुसरं मशीन हे तुमच्या बॅकअपचाच भाग आहे, चैन नव्हे. अनेक ठिकाणी बॅकअप उत्तम असतो आणि तो उघडून बघायला जागाच नसते.

त्या क्षणावर थांबण्याची माझी पद्धत सांगतो, कारण इथं माझे सुरुवातीला बरेच तास वाया गेले आहेत. थांबायच्या वेळेवर पोहोचल्यावर पोस्टग्रेस रिकव्हरी थांबवून ठेवतो आणि डेटा फक्त वाचायला देतो. आधीपासूनच हा मूळ पर्याय आहे, बदलू नका. त्या अवस्थेत तुम्ही क्वेरी मारून बघू शकता, तिथूनच पीजी-डंपही काढू शकता. वेळ थोडी आधीची निघाली तर सर्व्हर बंद करून पुढची वेळ द्या, तो तिथून पुढं चालतो. पण पुढं निघून गेलात तर मागं येता येत नाही, बेस बॅकअपपासून पुन्हा सुरुवात. म्हणून पहिला थांबा मुद्दाम दहा-पंधरा मिनिटं आधीचा घ्या आणि मग पुढं सरका. आणि वेळेसोबत नेहमी अधिक ५:३० लिहा. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक वेळेवर, असेल आणि तुम्ही नुसतं '१६:००' लिहिलंत तर तो आपल्या रात्री साडेनऊला जाऊन थांबेल, म्हणजे चुकीच्या साडेपाच तास पुढं.

चूक नेमकी केव्हा झाली हे कळण्यासाठी लॉग हवा. डेटा बदलणाऱ्या प्रत्येक आज्ञेची नोंद ठेवणारी सेटिंग पोस्टग्रेसमध्ये आहे. लॉग फुगतो म्हणून लोक ती लावत नाहीत. मी निदान सपोर्टच्या लॉगिनसाठी ती लावतोच, कारण हाताने चालवलेल्या आज्ञाच घात करतात.

डेटा बाजूला उभा राहिला, पुढं काय? खरं अवघड काम इथून सुरू होतं आणि ते बॅकअपच्या कुठल्याच पुस्तकी यादीत नसतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पट्टी म्हणजे एक ओळ नसणार. पट्टी, तिच्या मालाच्या ओळी, हमाली-तोलाईची कपात, शेतकऱ्याच्या खात्यावरची नोंद, खरेदीदाराची उधारी, रोख वही. वर्ष पुसलं तेव्हा कॅस्केडनं, म्हणजे एक ओळ पुसली की तिच्यावर अवलंबून असलेल्याही आपोआप पुसणाऱ्या नियमानं, यातलं काय काय सोबत गेलं, याची यादी आधी कागदावर काढा. परत भरताना आईबाप टेबल आधी, मुलं नंतर.

चालू डेटाबेसमध्ये थेट भरू नका. त्यातच एक वेगळा स्कीमा (टेबलांचा वेगळा कप्पा) करा, उचललेला डेटा तिथं ठेवा. मग दोन्ही बाजू जुळवून फक्त हरवलेल्या ओळी एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं पक्कं होईल, नाहीतर काहीच नाही) भरा, ओळी मोजा, त्या अडत्याची एकूण येणी-देणी जुन्या अवस्थेशी ताडा, मगच कमिट, म्हणजे बदल पक्का. कॉलमची नावं स्पष्ट लिहा, कारण तीन महिन्यांपूर्वीच्या प्रतीत कदाचित एक कॉलम कमी असेल.

तुमच्या बाबतीत मला एक धोका आत्ताच दिसतोय. पट्टी क्रमांक जर 'या अडत्याचा या वर्षातला सर्वांत मोठा क्रमांक अधिक एक' असा निघत असेल, तर वर्ष पुसल्यानंतर १८ च्या संध्याकाळपासून तो पुन्हा १ पासून सुरू झाला असणार. म्हणजे आता क्रमांक १ ते कितीतरी दोनदा आहेत: एकदा जुन्या डेटात, एकदा नव्या. कुठला बदलायचा हे तुम्ही ठरवू नका. शेतकऱ्याच्या हातात कागदाची पट्टी आहे, तिच्यावर तो क्रमांक छापलाय. अडत्याला समोर बसवून विचारा. बहुतेक वेळा नव्या पट्ट्या कमी असतात आणि त्यांचे क्रमांक पुढं ढकलून संबंधित शेतकऱ्यांना फोन करणं सोपं पडतं.

दुसरा धोका ट्रिगरचा. काही वर्षांपूर्वी मी एका ग्राहकाच्या दोन महिन्यांच्या पावत्या अशाच परत भरल्या. डेटा अचूक आला. पण पावतीच्या टेबलवर ओळ आली की एसएमएस पाठवायचा ट्रिगर होता, आणि शेकडो लोकांना दोन महिने जुन्या रकमेचे मेसेज गेले. त्यांच्यातले कित्येक लोक पैसे घेऊन आले. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण त्यांतले बरेच जण बसचं भाडं खर्च करून लांबून आले होते. तेव्हापासून भरण्याआधी मी ट्रिगरची यादी बघतो आणि त्या सेशनपुरते ते बंद करतो. रेप्लिकेशन रोलची जी सेटिंग त्यासाठी वापरतात ती फॉरेन कीची, म्हणजे मुलाच्या ओळीला आईबाप ओळ आहे की नाही याची, तपासणीही बंद करते, तेव्हा भरून झाल्यावर ती जुळणी स्वतः क्वेरीनं तपासावी लागते. एखादाच ट्रिगर असेल तर तेवढाच बंद करणं बरं.

एका अडत्याचा डेटा काढण्यासाठी पीजी-डंपमध्ये अट घालायची सोय नाही. मायएसक्यूएलच्या डंपमध्ये ती आहे, पोस्टग्रेसमध्ये नाही. म्हणून 'अडत्याचा आयडी द्या, त्याच्या सगळ्या टेबलांतल्या ओळी पोस्टग्रेसच्या कॉपी या आज्ञेनं बाहेर काढतो' अशी स्क्रिप्ट आत्ताच, शांत डोक्यानं लिहून ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये नवं टेबल आलं की ती स्क्रिप्टही बदलली पाहिजे, हे रिलीजच्या कामांत घाला. कोणी तुम्हाला सुचवेल की प्रत्येक अडत्याला वेगळा स्कीमा किंवा वेगळा डेटाबेस द्या. वेगळा स्कीमा असेल तर तेवढाच डंप काढता येतो, आणि वेगळा डेटाबेस असेल तर पीजीबॅकरेस्टसारखं पोस्टग्रेसच्या बॅकअपचं साधन पूर्ण बॅकअपमधून तेवढाच एक डेटाबेस परत आणतं. हे खरं आहे. पण मग प्रत्येक बदल साठ ठिकाणी करायचा. नवं सॉफ्टवेअर लिहीत असता तर विचार करा म्हटलं असतं. चालत्या गाडीची चाकं केवळ बॅकअपसाठी बदलायला मी सांगणार नाही.

रिप्लिकाबद्दल. साधी रिप्लिका तुम्हाला त्या दिवशी वाचवू शकली नसती, कारण डिलीट तिच्यावरही क्षणात पोहोचला असता. सर्व्हर जळाला तर ती उपयोगी, चूक झाली तर नाही. पण तिलाच चार तास मुद्दाम मागं ठेवायची सोय पोस्टग्रेसमध्ये ९.४ या आवृत्तीपासून आहे, आणि तुमच्यासारख्या कामाला ती मला फार आवडते. सपोर्टचा मुलगा १५ मिनिटांत धावत आला, 'सर, चुकलं', तर त्या रिप्लिकेवर पुढचं वाचन थांबवायचं आणि ओळी उचलायच्या. १४० जीबी कुठं भरायचे नाहीत, वाट बघायची नाही. चूक तिसऱ्या दिवशी कळली तर मात्र तिचा उपयोग शून्य, तेव्हा वॉल आणि डंपच.

किती ठेवायचं हे तुमच्या धंद्यावर आहे. मी तुमच्या जागी असतो तर आठवड्याला एक बेस बॅकअप आणि तीन आठवड्यांचे सलग वॉल ठेवले असते. डिरेक्टरी डंप रोजचे १४, महिन्याचा एक असे १२, आणि ३१ मार्चच्या रात्रीचा डंप सीए सांगतील तितकी वर्षं. तीन आठवडे का? कारण अडत्याला चूक कळते ती उधारीचा तगादा करताना, आणि तो रोज होत नाही. तुमच्याकडे चुका किती दिवसांनी लक्षात येतात ते गेल्या दोन वर्षांच्या तक्रारींतून काढा आणि त्याच्या दुप्पट दिवस धरा.

प्रती कुठं ठेवायच्या, याचं उत्तर नागपूरकरांना २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेनं दिलंय. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. माझ्या एका ग्राहकाचं ऑफिस तळमजल्यावर होतं. सर्व्हर खाली, आणि बॅकअपची डिस्क शेजारच्याच कपाटात, खालच्या कप्प्यात. दोन्ही एकाच पाण्यात. तेव्हा एक प्रत शहराबाहेर पाहिजेच, मुंबई किंवा हैदराबादच्या क्लाउडमध्ये ठेवा. ती अशी असावी की तुमच्या सर्व्हरच्या पासवर्डनं तिथं लिहिता येईल पण पुसता येणार नाही, म्हणजे रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) आलं तरी ती वाचेल. पण फक्त तिच्यावर विसंबू नका. १०० एमबीपीएसच्या लाइनवर पूर्ण वेग मिळाला तरी सेकंदाला साडेबारा एमबी, म्हणजे १४० जीबी उतरायला तीन तासांहून जास्त, आणि पूर्ण वेग कुणाला मिळतो? ताजी प्रत ऑफिसातल्या वेगळ्या मशीनवर, दुसरी बाहेर. आणि एन्क्रिप्शनची किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नका.

बॅकअप चालू आहे की नाही हे बघणारं कोणीतरी हवं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या सेवेत मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. त्यांनी नंतर सगळं उघडपणे लिहिलं. त्यांचे डंप बरेच दिवस निघतच नव्हते, कारण डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंपचा प्रोग्राम ९.२ चा. अपयशाचे ईमेल जात होते, पण तेही परस्पर नाकारले जात होते. सुदैवानं सहा तास आधी एका माणसानं दुसऱ्याच कामासाठी स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) घेतला होता, म्हणून तेवढ्यावर निभावलं. यावरून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, 'अपयश आलं तर कळवा' यावर भरवसा ठेवायचा नाही. रोज सकाळी ९ ला 'कालचा डंप अमुक जीबी, शेवटचं वॉल अमुक मिनिटांपूर्वीचं' असा मेसेज यावा आणि तो आला नाही तर आपण उठावं. दोन, वॉल बाहेर पाठवणं अडलं तर पोस्टग्रेस ते पुसत नाही, साठवत राहतो, आणि एक दिवस डिस्क भरून डेटाबेसच बंद पडतो. वॉलच्या डिरेक्टरीच्या आकारावरही लक्ष हवं.

दोन माणसांना झेपेल का? झेपेल. बेस बॅकअप आणि वॉलसाठी पीजीबॅकरेस्ट बसवायला आणि समजून घ्यायला एक आठवडा धरा, विलंबित रिप्लिकेला एक दिवस, अडत्यावार स्क्रिप्टला तुमच्या टेबलांवर अवलंबून दोन-तीन दिवस. त्यानंतर महिन्यातून एक दुपार सरावाची. सराव म्हणजे नुसती फाईल उघडून बघणं नाही. एक अडत्या चिठ्ठी काढून निवडा, मागच्या मंगळवारची दुपारची ३ ची वेळ घ्या, बाजूच्या मशीनवर उभं करा, त्याच्या शेतकऱ्यांची देणी काढा आणि घड्याळ लावा. तो वेळ लिहून ठेवा. अडत्याचा फोन आला की 'बघतो' म्हणण्याऐवजी 'अडीच तास लागतील' असं सांगता येतं. सराव एकदा तुम्ही करा, पुढच्या महिन्यात त्या सपोर्टच्या मुलाला करू द्या.

आता सध्याच्या अडत्याचं. तुमच्याकडे वॉल नाही, त्यामुळे १८ च्या पहाटेचा डंप हाच आधार. ती एसक्यूएल फाईल दुसऱ्या मशीनवर पूर्ण भरा, वर सांगितल्याप्रमाणे त्याच्या ओळी उचला, पट्टी क्रमांकांचा गुंता त्याला विचारून सोडवा. १८ च्या पहाटे २ ते दुपारी ४ मधल्या पट्ट्या मात्र कुठल्याच फाईलमध्ये नाहीत. त्या त्याच्याकडच्या कार्बन प्रतींवरून आणि वजनकाट्याच्या चिठ्ठ्यांवरून भराव्या लागतील. उद्या सकाळी लिलाव आटोपल्यावर स्वतः त्याच्या गाळ्यावर जा, सपोर्टच्या मुलालाही सोबत न्या, आणि त्या दोघांनी मिळून त्या भरू देत.